घरात पाण्यावर भाजी कशी पिकवायची? पुण्यातल्या नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, मातीची कुंडी फारशी न हाताळलेल्या, पण खिडकीत किंवा ड्राय बाल्कनीत हायड्रोपोनिक्स करून बघायची इच्छा असलेल्या लोकांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. पॉलीहाउसचा धंदा करायचा असेल तर त्याचं गणित वेगळं, ते इथे नाही.

मातीशिवाय झाड जगतं कसं?

माती झाडाला आधार देते आणि मुळांजवळ पाणी, क्षार आणि हवा धरून ठेवते. ही कामं दुसऱ्या कशाने झाली तर झाडाची तक्रार नसते. झाडाला एकूण १७ मूलद्रव्यं लागतात. त्यातली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन त्याला हवा-पाण्यातून मिळतात. उरलेली १४ मुळांवाटे जातात: नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक जास्त प्रमाणात, लोह, मँगनीज, जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल अगदी चिमूटभर. हायड्रोपोनिक्समध्ये ही चौदाही पाण्यात विरघळवून द्यायची.

नवशिके विसरतात ती हवा. मुळं श्वास घेतात. शेतकरी माती भुसभुशीत ठेवतो त्यामागेही हेच कारण आहे. नुसत्या पाण्यात पूर्ण बुडालेलं रोप खत असूनही गुदमरतं. त्यामुळे कुठलीही पद्धत बघताना आधी एवढंच विचारा की यात मुळांना हवा कुठून मिळते?

दुसरी गोष्ट. माती आपलं पुष्कळ काही पोटात घालते: जास्तीचं खत, विसरलेलं पाणी, चुकलेला सामू (म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा पीएच). पाणी काहीच पोटात घालत नाही. खत दुप्पट पडलं तर दोन दिवसांत पानांच्या कडा करपतात. म्हणून इथे हाताच्या अंदाजावर चालत नाही, मोजावं लागतं.

हे नवीन फॅड आहे का?

नाही. जर्मनीत सॅक्स आणि क्नॉप या शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवून दाखवली होती. हायड्रोपोनिक्स हे नाव १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिके यांच्यामुळे रूढ झालं. आपल्याकडेही १९४० च्या दशकात शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँगला स्वस्तातल्या पद्धतींचे प्रयोग केले होते.

पहिल्यांदा काय घ्यावं? पाइपांचं तयार किट घेऊ का?

किट नको, निदान पहिल्या वेळी तरी नको. पाइपांमधून पाण्याची पातळ धार सतत फिरवणारी पद्धत दिसायला देखणी असते, पण तिच्यात पंप बंद पडला की उन्हाळ्यात काही तासांत रोपं माना टाकतात. सांधे गळतात, छिद्रं तुंबतात, आणि रोप का मेलं ते नव्या माणसाला कळत नाही. शिकण्यासाठी जेवढे कमी भाग, तेवढं बरं.

माझं मत स्पष्ट आहे: क्रॅत्की पद्धतीचा एक डबा. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅत्की यांनी ही पद्धत मांडली. पंप नाही, वीज नाही. झाकणाच्या डब्यात खताचं पाणी भरायचं, झाकणाच्या छिद्रात जाळीचा कप बसवून त्यात रोप ठेवायचं. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते आणि वर जी पोकळी तयार होते तिथे मुळांना हवा मिळते. एक डबा दोन महिने नीट सांभाळलात की मग पंप, पाइप, टॉवर काय हवं ते घ्या. तोवर तुम्हाला कशासाठी पैसे द्यायचे हेही कळलेलं असेल.

तो डबा नेमका कसा करायचा?

२० लिटरचा, घट्ट झाकणाचा, आरपार न दिसणारा प्लास्टिकचा डबा घ्या. बोहरी आळीत किंवा तुळशीबागेच्या आजूबाजूला मिळतो. तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असलेलं प्लास्टिक खाद्यपदार्थांसाठी वापरतात, ते चांगलं. रंगाची रिकामी बादली कितीही धुतली तरी वापरू नका. डबा पांढरा किंवा फिका असेल तर बाहेरून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळ्याने उजेड अडतो, पांढऱ्याने डबा तापत नाही.

झाकणाला चार छिद्रं पाडा. दोन इंची नेट पॉट (जाळीचा कप) कडेवर अडकून राहील, आत पडणार नाही, एवढंच छिद्र हवं. सुताराकडे ड्रिलला लावायचा होलसॉ असतो, त्याने दोन मिनिटांत काम होतं. एका लेट्यूसला वाढ पूर्ण होईपर्यंत साधारण चार लिटर पाणी लागतं, त्यामुळे २० लिटरला चार रोपं हा हिशेब नीट बसतो. सहा-आठ छिद्रं पाडायचा मोह होतो, पण पानं वाढली की ती एकमेकांचा उजेड खातात.

आता पाण्याची पातळी, कारण सगळं इथेच ठरतं. पहिल्या दिवशी झाकण लावल्यावर कपाचा खालचा एक सेंटीमीटर भाग पाण्यात बुडायला हवा, म्हणजे कपात भरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलावा ओढून घेतं. आठ-दहा दिवसांनी झाकण हळूच उचलून पाहा. कपाच्या जाळीतून पांढऱ्या मुळांचा झुपका खाली आलेला असेल आणि पाणी दोन-तीन बोटं उतरलेलं असेल. त्या उघड्या पट्ट्यातली मुळं थोडी जाड, लव आल्यासारखी दिसतात. ती हवेची मुळं. पाणी कमी झालं म्हणून घाबरून डबा परत काठोकाठ भरला तर नेमकी हीच मुळं बुडतात आणि धडधाकट रोप चार दिवसांत कोमेजतं. भर घालायचीच असेल तर तळाकडचा एक तृतीयांश भाग भरेल एवढीच घाला, वरचा पट्टा कोरडाच राहू द्या.

२० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन. खिडकीच्या ग्रिलवर डबा ठेवू नका. जमिनीवर किंवा दणकट मांडणीवरच ठेवा.

कोणती भाजी लावावी?

घरात जी खाल्ली जाते ती. चित्रातल्यासारखे लेट्यूसचे गड्डे आले आणि घरात कुणी सॅलड खात नसेल तर उत्साह महिनाभरात संपतो.

पुदिना सगळ्यांत सोपा. मंडईतून आणलेल्या जुडीतल्या ताज्या, जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि काड्या पाण्यात ठेवा. आठवडा-दहा दिवसांत मुळं फुटतात. बी नाही, उगवण्याची काळजी नाही. फक्त पुदिन्याला वेगळा डबा द्या, त्याची मुळं शेजाऱ्यांना जागा ठेवत नाहीत.

पालक, लेट्यूस, बेसिल आणि पाकचोय ही त्यानंतरची मंडळी. रोप डब्यात लावल्यापासून लेट्यूस साधारण पाच-सहा आठवड्यांत काढायला येतं. बाहेरची पानं खुडत गेलात तर थोडं आधीपासूनच खाता येतं. मेथीला डब्याची गरज नाही. ती पसरट ट्रेमध्ये दोन बोटं कोकोपीटवर दाट पेरून कोवळीच कापावी.

टोमॅटो, मिरची, काकडी पहिल्या वर्षी नको. त्यांना उजेड फार लागतो, खत जवळजवळ दुप्पट लागतं आणि टोमॅटो-मिरचीला बंद खोलीत फुलं हाताने हलवून परागीभवनाला मदतही करावी लागते. गाजर-मुळ्याचा नाद घरात करूच नका.

कोथिंबीर उगवतच नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा धणे अख्खे पेरलेले असतात. एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच रगडून धणे दुभंगा, पीठ करू नका. रात्रभर भिजवा, मग ओल्या कोकोपीटवर पेरून वर पातळ थर द्या. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी उकरून पाहू नका. किराणातले धणे जुने किंवा फार वाळवलेले असतील तर उगवत नाहीत. बियाण्याच्या दुकानातलं पाकीट घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर लावलीत तर ती पानं धरण्याआधी फुलावर जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ.

लेट्यूसचं बी उन्हाळ्यात उगवत नाही त्याचं कारणही उष्णताच. तिशीच्या आसपास तापमान गेलं की ते बी झोपून राहतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पेरा. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून मातीने झाकल्यासारखं कोकोपीटखाली गाडू नका.

पुण्यातलं नळाचं पाणी चालतं का?

महापालिकेचं खडकवासला साखळीतून येणारं पाणी चालतं, छान चालतं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला धरणांचं हे पाणी तुलनेने मऊ आहे, क्षार कमी आहेत. क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, सकाळी वापरा.

प्रश्न येतो तो बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा. वाघोली, उंड्री, पिसोळी, हिंजवडी या भागांतल्या पुष्कळ सोसायट्यांमध्ये हेच पाणी वापरात असतं. बेसॉल्टमधलं बोअरचं पाणी सहसा जड असतं. ते खत घालण्याआधीच टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या पेनने मोजा. २०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २०० भाग क्षार) खाली असेल तर निश्चिंत राहा. ४०० च्या वर असेल तर त्यात आरओचं किंवा गच्चीवरून धरलेलं पावसाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा.

एक गोष्ट आवर्जून तपासा. सोसायटीत पाणी मऊ करायचा सॉफ्टनर बसवला आहे का? मिठावर चालणारा सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम काढून सोडियम घालतो. टाइल्सवर डाग पडत नाहीत हे खरं, पण असलं पाणी झाडांना अपायकारक. अशा वेळी आरओचंच पाणी वापरा. मात्र त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ नसतं, ते पूर्ण खतातून गेलं पाहिजे.

खत कोणतं? १९:१९:१९ घातलं तर चालेल का?

एकट्याने नाही. मार्केट यार्डातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) मिळतं, स्वस्त असतं, पाण्यात विरघळतं, म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात. पण त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, आणि नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया मोडून झाडाला देतात. आपल्या डब्यात तेवढे जिवाणू नसतात. सुरुवातीला रोप हिरवंगार दिसतं, मग नवीन पानं वेडीवाकडी येऊ लागतात.

हायड्रोपोनिक्ससाठीचं 'ए' आणि 'बी' अशा दोन भागांतलं खत घ्या. दोन भाग वेगळे असण्याला कारण आहे. एकात कॅल्शियम नायट्रेट असतं, दुसऱ्यात फॉस्फेट आणि सल्फेट. घट्ट स्वरूपात हे एकत्र आले की कॅल्शियमचा पांढरा गाळ तळाशी बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. म्हणून आधी पूर्ण पाणी भरा, त्यात 'ए' घालून ढवळा, मग 'बी' घाला. दोन्ही एका वाटीत कालवून ओतलं तर खत वाया गेलंच समजा.

पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्यानेच सुरू करा. रोप जोमात आलं की वाढवा.

जीवामृत, गांडूळपाणी, शेणाची स्लरी डब्यात घालू नका. मातीत ती सोन्यासारखी आहेत. बंद पाण्यात ती कुजतात, ऑक्सिजन खातात, आणि घरभर वास सुटतो तो वेगळाच.

सामू आणि टीडीएस रोज मोजायचे का?

पहिले पंधरा दिवस दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा पुरे.

सामू म्हणजे पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. पाण्यात लोह आहे पण सामू साडेसातवर गेला की झाडाला ते उचलता येत नाही, ताटात वाढलेलं असूनही उपाशी अशी त्याची गत होते. पुण्याच्या नळाचं पाणी साधारण सातच्या वर असतं, त्यामुळे खत मिसळल्यावर बहुतेक वेळा सामू थोडा उतरवावा लागतो. त्यासाठी पातळ केलेलं फॉस्फोरिक ॲसिड बाटलीत मिळतं. २० लिटरला काही थेंब पुरतात: दोन थेंब घाला, ढवळा, मोजा, मग पुढचे. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे घाला आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. लिंबू पिळून सामू उतरतो, पण दोन दिवसांत परत चढतो.

सुरुवातीला सामू मोजायला मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे रंग बदलणारे थेंब पुरतात. डिजिटल पेन घेतलात तर त्याचं टोक कोरडं पडू देऊ नका आणि महिन्यातून एकदा बफर पावडरीच्या (ठरावीक सामू असलेल्या) द्रावणात त्याचं वाचन तपासा. बिघडलेल्या पेनवर भरवसा ठेवण्यापेक्षा थेंब परवडले.

खताचं प्रमाण टीडीएस पेनने कळतं, आरओवाले वापरतात तेच. समजा नळाचं पाणी १०० दाखवतं आणि खत घातल्यावर ६०० दाखवलं, तर खताचा वाटा ५०० झाला. लेट्यूसला एकूण ४५० ते ८००, पुदिना-बेसिलला ६०० ते ९००, वाढलेल्या पालकाला ९०० ते ११०० या अंदाजाने चला. इंटरनेटवरच्या तक्त्यांत कधी ईसीमध्ये (पाण्याच्या विद्युतवाहकतेत) आकडे असतात. आपल्याकडच्या बहुतेक पेनांवर १ ईसी म्हणजे ५०० पीपीएम, पण काही देशांतली पेनं तेच ७०० दाखवतात. तक्ता कुठला आहे ते पाहिल्याशिवाय आकडा उचलू नका.

खिडकीतला उजेड पुरतो का?

बहुतेक घरांत रोपं खतामुळे नाही, उजेडामुळे हरतात. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, पण फोनवरचं लक्समीटर ॲप लावून पाहा. खोलीच्या मध्यात ते ३०० दाखवेल, खिडकीच्या कठड्यावर काही हजार, आणि बाहेर भर दुपारी लाखाच्या आसपास. पालेभाजीला दिवसाचे बारा-चौदा तास १०,००० ते १५,००० लक्स मिळाले तर ती अंग धरते. ॲपचा आकडा काटेकोर नसतो, पण कुठली जागा चांगली ते त्यावरून कळतं.

पुण्याच्या खिडक्यांचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. आपलं शहर साडेअठरा अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं आणि तिथे भाजी उत्तम होते. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. पूर्वेची खिडकी वर्षभर भरवशाची. पश्चिमेची एप्रिल-मेमध्ये रोपं भाजून काढते, तिथे शेडनेट किंवा पांढरा पडदा लावा.

रोपं लांबुडकी झाली, एका बाजूला झुकली, देठ पांढुरके पडले, तर खत वाढवू नका. उजेड वाढवा.

मग दिवे लावायचे तर कोणते? बिल किती येईल?

जांभळ्या रंगाचे महागडे ग्रो लाइट घेण्याची गरज नाही. तापकीर गल्लीत मिळणारी साधी पांढरी एलईडी बॅटन चालते. चार फूट लांब आणि फूटभर रुंद फळीला २० वॅटच्या तीन बॅटन, पानांपासून एक वीत ते दीड वीत उंचीवर. दोन बॅटनवर पुदिना निभावतो, लेट्यूस मात्र लांबुडकं होतं. टायमर लावून चौदा तास चालू ठेवा. रात्री अंधार हवाच.

हिशेब सोपा आहे. ६० वॅट, १४ तास म्हणजे दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला साधारण २५ युनिट. आपल्या बिलावरच्या वरच्या स्लॅबच्या दराने त्याला गुणा, कारण ही युनिटं त्याच स्लॅबमध्ये भर घालणार.

यात पैसे वाचतात का?

दिव्यांवर पालक पिकवून पैसे वाचत नाहीत. मंडईतली जुडी स्वस्तच पडते. ॲरिझोनात २०१५ साली लेट्यूसचा एक तुलनात्मक अभ्यास झाला. त्यात हायड्रोपोनिक्सला किलोमागे पाणी शेताच्या साधारण तेराव्या हिश्शाने लागलं, पण ऊर्जा ऐंशी पटींहून जास्त लागली. तो अभ्यास तिथल्या हवामानातल्या हरितगृहाचा होता, तरी विजेवर तोललं तर ही शेती स्वस्त नाही, हे त्यातून दिसतं. म्हणूनच मी खिडकीच्या उजेडावर भर देते. पुदिना, बेसिल, लेट्यूस या महाग किंवा लगेच सुकणाऱ्या गोष्टींत मात्र खिडकीतला डबा आपला खर्च भरून काढतो.

डब्यात डास होतात का?

झाकण नीट नसेल तर नक्की होतात, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. डेंगीचा एडीस डास साठलेल्या स्वच्छ पाण्याजवळच अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. क्रॅत्कीचा डबा तर महिनाभर न हलवता ठेवायचा असतो. महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागाचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी साठलेलं पाणी तपासतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस देतात.

रिकामी छिद्रं बूच लावून बंद करा. रोपाच्या देठाभोवती स्पंजची गोल चकती बसवा. झाकण आणि डबा यांच्यात फट असेल तर दाराला लावतात ती फोमची चिकटपट्टी लावा. पाणी बघायला ठेवलेलं भोक मच्छरदाणीच्या कापडाने झाका. आठवड्यातून एकदा टॉर्च मारून अळ्या आहेत का पाहा. एकही दिसली तरी पाणी गाळून मातीच्या कुंडीत ओता, डबा आतून घासा आणि नवीन द्रावण भरा. खायच्या भाजीच्या पाण्यात कीटकनाशक टाकायचं नाही. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल आणि डबा नीट बंद होत नसेल, तर जून ते ऑक्टोबर हा प्रयोग थांबवा.

पाणी हिरवं झालं, शेवाळ आलं.

उजेड आत शिरतोय. डबा झाका, कोकोपीटवरही उघडा भाग असेल तर काळं प्लास्टिक ठेवा.

उन्हाळ्यात रोपं का मरतात?

पाणी तापतं म्हणून. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उष्णतेने मुळांची श्वासाची गरज मात्र वाढते. त्याच वेळी पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे होणारी मूळकूज जोर धरते. पाण्याला १८ ते २४ अंश मानवतात. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीत ते सांभाळणं कठीण.

डबा फरशीवर, सावलीत आणा. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याने चांगला गारवा येतो. बर्फाचे तुकडे थेट टाकू नका, द्रावण पातळ होतं. बर्फाची बंद बाटली सोडा. मत्स्यालयाचा छोटा हवेचा पंप या दोन महिन्यांत खरोखर उपयोगी पडतो. तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून पंपात उतरतं.

पहिला डबा एप्रिलमध्ये सुरू करण्याऐवजी दिवाळीनंतर करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्याची हवा पालेभाजीला जशी मानवते तशी फार थोड्या शहरांत मानवत असेल.

मुळं तपकिरी झाली तर रोप गेलं का?

आधी वास घ्या आणि बोटाने चाचपा. खताच्या रंगाने मुळं पिवळट-तपकिरी होतात पण टणक राहतात, वास येत नाही. ती ठीक आहेत. बुळबुळीत लागली, ओढल्यावर साल हातात आली, कुजका वास आला तर मूळकूज. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने काढा, डबा घासून वाळवा, नवीन द्रावण निम्म्या ताकदीचं भरा आणि पातळी खाली ठेवा. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर नवीन रोप लावणं शहाणपणाचं.

पानं पिवळी पडतात.

कुठली पानं, ते पाहा. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होत असतील तर नत्र कमी. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. तीच खूण वरच्या नव्या पानांवर दिसली तर लोह, आणि त्यामागे बहुतेक वेळा चढलेला सामू असतो. लोहाचं खत विकत आणण्याआधी सामू मोजा. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांचं टोक करपत असेल तर कॅल्शियम तिथवर पोहोचत नाही. खत न वाढवता छोट्या पंख्याने हवा खेळती ठेवा.

मावा, पांढरी माशी घरातही येते?

येते, बाजारातून आणलेल्या पुदिन्याबरोबरच येते. नवीन काड्या वेगळ्या ठेवून आठवडाभर पाहा. मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, मग लिटरला ३ ते ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. खायच्या आधी काही दिवस फवारणी थांबवा. चिकट पिवळे सापळे पांढऱ्या माशीसाठी चांगले.

गुरुवारी पाणी नसतं, कधी वीजही जाते. अडचण येते का?

क्रॅत्कीला काहीच नाही. पंपावरची पद्धत असेल तर पंप इन्व्हर्टरवर घ्या.

गणपतीला आठ दिवस गावी जातो. डब्याचं काय?

निघण्याआधी पातळी पाहा. मोठं झालेलं रोप उन्हाळ्यात दिवसाला पाव लिटरही पिऊ शकतं, पावसाळ्यात बरंच कमी. पाणी कमी वाटलं तर निम्म्या ताकदीचं थोडं द्रावण घाला, वरचा हवेचा पट्टा शाबूत ठेवा. मोठी पानं काढून शेजाऱ्यांना द्या, रोपाची तहान कमी होते. आणि झाकणाच्या फटी पुन्हा तपासा, कारण आठ दिवस कुणी पाहणार नाही आणि दिवस डेंगीचे आहेत.

ही भाजी रसायनांची ना? मुलांना द्यावी का?

झाड नायट्रेट, पोटॅशियम, कॅल्शियम हे क्षारांच्याच रूपात घेतं, मग ते शेणखतातून सुटलेले असोत की पाकिटातले. त्या अर्थाने भीतीचं कारण नाही. पण या भाजीला सेंद्रिय म्हणणं बरोबर नाही, विकताना तर मुळीच नाही. उजेड कमी आणि खत जास्त असेल तर पालेभाजीत नायट्रेट साठतं. मातीतल्या भाजीचंही तसंच होतं. म्हणून खत बेताचं ठेवा, उजेड भरपूर द्या आणि शक्यतो दुपारनंतर काढणी करा, कारण दिवसभराच्या उजेडात झाडाने नायट्रेट वापरलेलं असतं. भाजी धुवूनच खा.

जुनं द्रावण कुठे टाकायचं?

मोरीत नको. दुप्पट पाणी घालून मातीच्या कुंड्यांना किंवा सोसायटीच्या झाडांना घाला. ती खूश होतात.

अडलं तर पुण्यात कुणाला विचारावं?

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या विभाग आहे. मांजरी, उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांमध्ये रोपं वाढवणारी अनुभवी माणसं भेटतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, तिथेही बाग करणारे भेटतात. कुणालाही विचारायला जाताना चार गोष्टी बरोबर न्या: दिवसाच्या उजेडात काढलेला पानांचा फोटो, झाकण उचलून काढलेला मुळांचा फोटो, त्या दिवशीचा सामू आणि टीडीएस, आणि पाणी नळाचं, बोअरचं की सॉफ्टनरचं ते. 'पानं पिवळी पडलीत' एवढंच सांगितलंत तर समोरचा माणूस फक्त अंदाज करेल.